दीड मूठ मीठ

आमच्या गावानं एक हाटेल वाचवलं. गावात कुणालाही विचारा, छाती फुगवून सांगेल. छताला पत्रे कुणी दिले, बोर्ड कुणी रंगवला, सभेत कोण काय बोललं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. त्या हाटेलात रांधत कोण होतं, एवढंच कुणी सांगणार नाही. ते मी सांगते, कारण रांधणारी मी होते.

गोंदियाहून कोहमाऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एसटीचा थांबा आहे, पण थांब्याला छप्पर नाही. पाऊस आला की लोक देवाजीच्या हाटेलात शिरतात, ऊन लागलं की शिरतात, आणि पाऊस-ऊन काही नसलं तरी वड्यांसाठी शिरतात. देवाजी म्हणजे माझे सासरे, माझे मामाजी. हाटेलात पदार्थ तीनच : चहा, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि त्यावर ओतायचा लाल रस्सा. धान कापल्यावर त्याच ओल्या बांधीत लोक लाखोळी टाकतात, त्यामुळे डाळ काही कुणाला नवी नाही. घरोघरी तिचे वडे होतात. तरी घरचे वडे सोडून माणसं आमच्याकडं यायची, गोंदियाचे गिरणीवाले तर स्कूटर काढून यायचे. रश्श्यात पाव घेऊन वाटी पुसायचे आणि एकच वाक्य बोलायचे, देवाजीच्या हाताची चव कुठं नाही.

देवाजी पुढं उभे. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, हातात पळी. त्यांच्यामागं बारदान्याचा पडदा. तीन पोती उसवून सासूबाईंनी तो शिवला होता, त्यावर राईस मिलचा शिक्का उलटा आला होता. पडद्यामागं भाताच्या कोंड्याची शेगडी, पाटा, गंज म्हणजे रश्श्याचं मोठं पातेलं, आणि एका पाटावर मी. घर त्याला लागूनच मागं. पहाटे चारला उठून डाळ वाटायची, कांदा-खोबरं भाजायचं, रस्सा चढवायचा. सहाला पडद्याखालून गंज पुढं सरकवायचा. मामाजी तो उचलून ठेवायचे आणि पळीनं ढवळायचे. तेवढं ढवळणं, तीच त्यांच्या हाताची चव.

आता तुम्ही म्हणाल, खोटारडा म्हातारा. तसं म्हणू नका, मी म्हणू देणार नाही. ते राईस मिलमध्ये पोती उचलायचे तेव्हा त्यांचा चहाचा कप वेगळा असायचा. खिळ्याला टांगलेला. चहा वरून ओतायचे, कपाला किटली लागू नये म्हणून. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती, पण किटलीला ते कुणी कळवलं नव्हतं. एक दिवस मामाजींनी तो कप काढून फोडला आणि १९७४ साली रस्त्यावर हे हाटेल टाकलं. ज्याला माझ्या हातचं चालत नाही त्यानं पुढच्या गावी जाऊन चहा प्यावा, म्हणाले. लोक खरंच पुढच्या गावी गेले. आठ वर्षं आमच्या वस्तीतली माणसं आणि नावगाव न विचारणारे ट्रकवाले, एवढेच गिऱ्हाईक.

मग एका थंडीत बिसराम पटलाची बस चुकली. तेव्हा तो नवा नवरदेव होता, शेतीवाडीवाल्या मोठ्या घरचा. कुडकुडत उभा राहिला, वास घेत राहिला, आणि शेवटी आत येऊन सहा वडे खाल्ले. बापानं त्याला विहिरीवर आंघोळ करायला लावली. दुसऱ्या दिवशी बिसराम आंघोळ करूनच घरून निघाला आणि पुन्हा सहा वडे खाल्ले. त्याच्यामागून त्याचे मित्र आले, मित्रांमागून अख्खं गाव. मामाजी ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की ऐकणारे आंघोळीपाशी आधीच हसायचे. गाव माझ्या हातचं खाते, असं म्हणताना त्यांचा आवाज थोडा फाटायचा. अशा माणसाला कोण सांगणार, की बाबा, हात तुमचा नाही?

सासूबाईंनी, सुमनबाईंनी, सांगितलं नाही. सत्तावीस वर्षं कोंड्याचा धूर गिळला आणि २००१ साली खोकून खोकून गेल्या. जाण्याआधी पाटा माझ्या पुढं सरकवून म्हणाल्या, "बुढ्याजवळ एवढंच हाय. ऱ्हाऊ दे." मी ऱ्हाऊ दिलं. नऊ वर्षं ऱ्हाऊ दिलं.

पडद्याला एक भोक होतं, उंदरानं पाडलेलं. माझं जग त्या भोकाएवढं. सासऱ्याच्या पंगतीत सुनेनं पुढं यायचं नाही ही आमच्या घरची रीत, त्यामुळे गावातली माणसं मी बहुतेक कमरेखालूनच ओळखायचे : कुणाच्या चपला, कुणाचं धोतर. २००६ साली त्या भोकातून एकदा पाहिलं, बस थांबली आणि खाकी कोट घातलेली बाई खाली उतरली. खांद्याला पट्टा, हातात तिकिटांचा ट्रे. माजी सरपंच केशोराव सुट्टे नाहीत म्हणून अडून बसले होते. ज्यांच्यापुढं गाव बसत नाही त्या केशोरावांना ती म्हणाली, सुट्टे काढा नाहीतर उतरा. केशोरावांनी आतल्या खिशातून सुट्टे काढले. माझा त्या दिवशीचा कांदा करपला.

त्यानंतर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. वडे तळता तळता भूमिती केली म्हणा. आरटीओतून कंडक्टरचा बिल्ला काढला. एसटीची जाहिरात निघाली तेव्हा अर्ज केला. नवरा संघदीप गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला; तो म्हणाला, भर, नोकरी लागते कुठं? ती लागली. जानेवारी २०१० मध्ये रजिस्टर पत्र आलं : एक फेब्रुवारीला सकाळी अकरापर्यंत भंडाऱ्याच्या विभागीय कार्यालयात हजर व्हावे, न झाल्यास निवड रद्द. पोस्टमन चुन्नीलालनं ते पत्र पडद्याखालून सरकवलं आणि वडे खायला बसला.

मी ते मामाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जा. हाटेल बंद करू." सत्तर वर्षांच्या माणसानं एवढ्या झटक्यात म्हटलं, याचं श्रेय मी त्यांना आजही देते. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, आणि पाया पडणं मला फारसं आवडत नाही.

चूक दुसऱ्या दिवशी झाली. गावाला कारण सांगायचं होतं. सून नोकरीला चालली, असं सांगितलं तर लोक विचारतील, सून गेली तर हाटेलाला काय झालं? म्हणून मामाजींनी सांगितलं की माझा हात आता चालत नाही. हात थरथरायचा हे खरंच होतं. गाव हळहळलं. आणि गावानं एकदा हळहळायला घेतलं की ते कुठं थांबेल याचा नेम नसतो.

पंचायतीच्या ओसरीवर सभा झाली. मला कुणी बोलावलं नाही. शेजारच्या नंदाबाई गेल्या होत्या, त्यांनी येऊन सारं सांगितलं. कैलाश नावाचा पोरगा म्हणाला, गोंदियात आता सगळं मिळतं, म्हाताऱ्याला बसू द्या घरी. त्याला लोकांनी खाली बसवलं. शालीकराम गुरुजी म्हणाले, एका बाकावर साऱ्या जातीची माणसं बसतात अशी गावात दुसरी जागा सांगा. कुणाला सांगता आली नाही. मलाही सांगता आली नसती; ते हाटेल गेलं तर गावातून काय जाईल हे मला कळत नव्हतं असं समजू नका. म्हातारे कुठं बसतील, पहाटेच्या बसची माणसं कुठं उभी राहतील, बिसरामकाका आणि मामाजी भांडतील कुठं? मला सारं कळत होतं, आणि तरी मला जायचं होतं.

मग केशोराव उठले. हे हाटेल देवाजीचं नाही, गावाचं आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. नंदाबाईंनी मागून विचारलं, गावाचं आहे तर गाव पहाटे चारला उठतं का? लोक हसले आणि ठराव झाला. कुणी पत्रे देणार, कुणी बाक, कुणी बोर्ड. शेगडीला कोंडा गिरणीवाले फुकट टाकणार. आणि सव्वीस जानेवारीला देवाजींचा सत्कार.

मी म्हटलं, करू द्या सत्कार, शाल-नारळ घेऊन मामाजी नम्रपणे नाही म्हणतील. मी गंज घासत होते. शाळेच्या मैदानावरचा भोंगा आमच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू येतो. झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, मग केशोरावांचा आवाज आला. नंदाबाईंनी नंतर सांगितलं, त्यांनी मामाजींना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं, आपल्या आणि हेडमास्तरांच्या मध्ये. हार घातला, शाल पांघरली. आणि माईक मामाजींपुढं धरून विचारलं, "सांगा देवाजीभाऊ, गावाचा शब्द मोडता का?"

भोंगा थोडा वेळ नुसता खरखरत राहिला. मग मामाजींचा फाटलेला आवाज आला, "नाई मोडत."

टाळ्यांचा आवाज किती वेळ चालला मला आठवत नाही. गंज माझ्या हातात होता आणि तो मी भिंतीवर फेकला एवढं आठवतं. पोचा आहे त्याला अजून.

संध्याकाळी मामाजी शाल घडी करून मांडीवर घेऊन बसले. मी विचारलं, माझं काय? पदर डोक्यावर नव्हता माझ्या, मला ते नंतर लक्षात आलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, "त्याच मैदानात मी लहानपनी वर्गाच्या भाईर उभा राहून शिकलो, बाई. आज मधात बसवलं. नाई कसा म्हनू?" मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्या वाक्यावर तो राग ठेवायला मला जागाच सापडेना. संघदीप म्हणाला, तू दोन महिने मागून घे, एसटीवाले ऐकतील. मी म्हटलं, पत्रातली ओळ वाच. त्यानं वाचली आणि जेवायला बसला. चांगला माणूस आहे, पण बाप आणि बायको यांच्यामध्ये त्याला नेहमी भूक लागते.

मी सांगून टाकलं की सोमवारी सातच्या बसनं मी जाणार. मामाजी म्हणाले, जा, रस्सा मी करीन. तुम्हाला येतो का, असं मी विचारलं. "माह्याच हाटेलात माह्यालेच इचारतेस?" ते म्हणाले. त्यांना चार दिवस होते, माझ्याशेजारी पाटावर बसून शिकता आलं असतं. ते बसले नाहीत. शिकायचं म्हणजे येत नाही हे कबूल करायचं.

चारही रात्री मी हिशेब मांडत झोपले की गेले तर काय आणि राहिले तर काय. गेले तर म्हाताऱ्याचं उभ्या आयुष्याचं खोटं गावासमोर उघडं पडेल, रस्सा पाणचट होईल, लोक थुंकतील, शाल पांघरलेला माणूस पळी घेऊन उभा राहील. राहिले तर आणखी वीस वर्षं ते भोक आणि मग खोकला. तिसरी वाट शोधून पाहिली, घरात नव्हती.

एकतीस तारखेला, रविवारी, नव्या पत्र्याखाली उद्घाटन. मामाजी पहाटे तीनलाच पडद्यामागं शिरले आणि मला बाहेर बसवलं. वास आला तेव्हाच मला कळलं की खोबरं लागलं. मीठ टाकताना भोकातून पाहिलं : त्यांचा पंजा पोती उचललेला, केवढा थोरला, त्यातून थरथरत दोन मुठी पडल्या आणि तिसरीही थोडी. माझे हात मांडीखाली दाबून मी बसून राहिले. बिघडू दे, असं वाटत होतं. बिघडू नये, असंही वाटत होतं. मग लोक यायला लागले तशी मी पडद्यामागं सरकले आणि भोकाला डोळा लावला.

केशोरावांनी नारळ फोडला. पहिली वाटी त्यांना. मामाजी पळी घेऊन उभे, तोंडाकडं पाहताहेत. केशोरावांनी घास घेतला, जरा थांबले, गिळला. म्हणाले, "तेच चव, देवाजीभाऊ." मग शालीकराम गुरुजी म्हणाले, तीच चव. बाकावर पाठोपाठ सगळे म्हणाले. वाट्या पुसून खाल्ल्या लोकांनी. कैलाशनंसुद्धा दुसरी वाटी मागितली.

मला आधी हसू आलं. मग हायसं वाटलं, की यांना फरकच कळत नाही, आता कुणीही रांधावं, मी सुटले. आणि मग असा संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. नऊ वर्षं पहाटे चारला उठून मी जे करत होते ते कुणाच्या जिभेला कधी लागलंच नव्हतं? सासूबाईंची छाती कोंड्यानं भरली ती या माणसांसाठी?

हात धुवायचं टाकं आमच्याकडं मागच्या बाजूला आहे. बिसरामकाका मागं आले. आता पन्नाशी ओलांडलेला माणूस. लोट्यानं पाणी घेतलं, हात न धुता पाणी प्यायले. दुसरा लोटा प्यायले. तिसराही. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काल रस्सा तुहा होता. आज त्याचा हाय. उद्या तू बस, सूनबाई."

मला आधी समजलंच नाही. मग विचारलं, "तुमाले मालूम होतं, काकाजी?"

"साऱ्या गावाले मालूम हाय. सुमनबाईच्या टायमापासून मालूम हाय. देवाजीले मीठ टाकता येत नाई हे कोनाले मालूम नाई?"

"आन माहं पत्र?"

त्यांनी लोटा उपडा ठेवला. चुन्नीलाल पोटात गोष्ट ठेवत नाही, म्हणाले. सभा पत्रानंतर चौथ्या दिवशी होती. मी बोटं मोजून पाहिली, बरोबर चौथ्या.

"मंग मले काऊन नाई इचारलं?"

बिसरामकाका वाईट माणूस नाहीत. विहिरीवर आंघोळ करून परत येणारा तो पहिला माणूस आहे, हे मी विसरत नाही. त्यांनी धोतराला हात पुसले आणि खरं ते सांगितलं. "तुले इचारलं असतं तं तू नाई म्हनली असतीस."

एवढं बोलून ते पुढं गेले. पुढून त्यांचा आवाज आला, देवाजी, लेका, आज तर्री झकास. आणि मामाजी हसले. गावाला मालूम आहे हे त्यांना कळलं असेल का, या विचारानं मी तिथंच खाली बसले. सगळं गाव जाणतं होतं. मी पडद्यामागं लपले आहे असं मला वाटत होतं, आणि गावानं मला तिथं ठेवलं होतं. म्हाताऱ्याला शाल घातली ती त्याच्यासाठी नव्हतीच, शालीची गाठ माझ्या पायात होती. आणि गाठ मारणारी माणसंही अशी की ज्यांच्यावर धड चिडताही येऊ नये, खारट रस्सा पुसून खाणारी, म्हाताऱ्याचा मान राखणारी. माझाच तेवढा राखायचा राहिला होता.

सोमवारी चारला डोळे आपोआप उघडले. पडद्यामागं उजेड होता, शेगडी पेटली होती. मी उठून गेले नाही. अंथरुणात पडून मामाजींचा कांदा कापण्याचा आवाज ऐकत राहिले. मधेच सुरी थांबायची, बराच वेळ थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. सहाला मी नवं लुगडं नेसले, पिशवीत पत्र, बिल्ला आणि दाखले घातले. पोरगी रचना तिच्या बापाच्या कुशीत झोपली होती. तिच्या केसांवरून हात फिरवला आणि निघाले, मागच्या दारानं नाही, पुढच्या.

हाटेल भरलेलं होतं. सोमवारी एवढी गर्दी नसते. केशोराव, गुरुजी, चुन्नीलाल, सगळे. मला पाहून माणसं बाकावरून पाय आत घेऊन सरकली आणि मधून वाट झाली, सरळ पडद्यापर्यंत. बिसरामकाकांनी उठून पडद्याचं एक टोक वर धरलं. अगदी अदबीनं, पाहुण्या बाईसाठी धरावं तसं. आत माझा पाट दिसत होता. पोचा पडलेला गंज शेगडीवर होता. कांद्याच्या फोडी जाड-बारीक पडल्या होत्या.

खोटं कशाला बोलू, माझा पाय एक पाऊल पुढं पडला. नऊ वर्षांची सवय त्या पायाला, त्याला पत्र-बित्र वाचता येत नव्हतं. पिशवी खांद्यावरून घसरली. ती सावरायला मी थांबले, आणि थांबले म्हणून वाचले. बाजूच्या बाकावर कैलाशशेजारी हातभर जागा होती. मी तिथं बसले.

लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि मी त्या बाकावर पहिल्यांदा बसत होते. पुढून हाटेल वेगळंच दिसतं. वारा येतो, रस्ता कोहमाऱ्याकडं लांबपर्यंत दिसतो. बिसरामकाका पडदा धरून उभेच राहिले, मग त्यांचा हात दुखला असावा, त्यांनी सोडला.

मामाजींनी मला पाहिलं. वाटीत दोन वडे ठेवले, वर रस्सा ओतला आणि वाटी स्वतः माझ्यापुढं आणून ठेवली. त्यांच्या हातातून थोडा सांडला. सारे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी घास घेतला. काल खारट होता, आज अळणी. मी खाल्ला सगळा. वाटी पुसली. पण तीच चव, असं मी म्हटलं नाही. मामाजी तसेच उभे राहिले.

बस आली. मी उठले. बाकावरून कुणी जा म्हणालं नाही, कुणी थांब म्हणालं नाही. चढले, खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं कुठं विचारलं, मी कोहमारा म्हटलं, तिथून भंडारा. त्यानं दोरी ओढायला हात वर केला तेवढ्यात मामाजी हाटेलातून बाहेर आले. पळी हातातच होती. डोक्यावर टोपी नव्हती. खिडकीखाली येऊन त्यांनी वर पाहिलं आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं, अख्ख्या बसला आणि अख्ख्या हाटेलाला ऐकू जाईल असं विचारलं, "अल्का, रश्श्यात मीठ किती टाकतेस?"

छत्तीस वर्षांत ते वाक्य त्या हाटेलात कुणी बोललं नव्हतं. केशोराव वाटीत बघू लागले. बिसरामकाका दुसरीकडं बघू लागले. मामाजी कुणाकडंच बघत नव्हते, फक्त माझ्याकडं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

"दीड मूठ, मामाजी. उकळी आल्यावर."

त्यांनी आपला थोरला पंजा उघडून त्याच्याकडं पाहिलं, मिटला, पुन्हा पाहिला. बस हलली.

"तुमची नाई," मी ओरडले, "माही मूठ."

आणि खिडकीतून हात बाहेर काढून मी मूठ आवळून दाखवली, एवढी. ते पळी धरून बसबरोबर चार पावलं चालले, मग थांबले. हाटेल, पत्रे, बोर्ड, बाकावरची माणसं, सगळं मागं जात होतं. माझी मूठ मात्र बाहेरच होती. वळण आलं तेव्हा कंडक्टर माझ्या सीटपाशी येऊन म्हणाला, "बाई, हात आत घ्या."